थंडी पडायच्या आधी घरातलं हीटिंग कसं तयार करायचं: पहिल्यांदाच असं घर सांभाळणाऱ्यांसाठी

कपाटातून स्वेटर बाहेर काढायची वेळसुद्धा आलेली नाही, दुपारी खिडक्या उघड्या असतात, अशा दिवसांत हीटिंगचा विषय काढला की घरातले म्हणतात एवढी काय घाई आहे. पण हेच दिवस त्याचे आहेत. कडाक्याची थंडी पडल्यावर हीटिंगकडे बघायला जाणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं, आणि ते आम्ही एकदा केलंय म्हणून एवढ्या कळकळीने लिहितेय.

झालं असं, की आम्ही पहिल्यांदाच हीटिंग असलेल्या घरात राहायला आलो होतो, थर्मोस्टॅटचा आकडा वाढवला की घर गरम होतं एवढंच माहीत. पहिले काही आठवडे सगळं नीट चाललं. मग थंडीची पहिली मोठी लाट आली आणि त्याच रात्री फर्नेस, म्हणजे हवा तापवून घरभर पाठवणारं मशीन, चालू व्हायची, पाच मिनिटांत बंद पडायची, परत चालू, परत बंद, आणि पहाटेपर्यंत घर गारठलं. ज्या मेकॅनिकला फोन करावा त्याच्याकडे आधीच रांग, कारण त्या रात्री बंद पडलेली आमची एकटीच नव्हती. दोन रात्री आम्ही सगळे एका खोलीत झोपलो, लेकाला मधे घेऊन. तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, त्याने फर्नेसच्या बाजूची पट्टी सरकवली आणि आतून फिल्टर ओढून काढला तर त्याच्यावर करड्या धुळीचा बोटभर जाड थर, जुन्या गोधडीसारखा. हवा आत जायलाच वाव नव्हता, त्यामुळे आतला भाग प्रमाणाबाहेर तापायचा आणि सेफ्टी स्विच फर्नेस बंद करून टाकायचा. नवीन फिल्टर घातला, काम झालं. पाच मिनिटांचं काम होतं, आम्ही ते महिनाभर आधी सहज केलं असतं, फक्त ते करायचं असतं हेच माहीत नव्हतं.

त्यानंतर दरवर्षी हे सगळं करतोय, आणि येणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकच्या मागे उभं राहून हे काय ते काय विचारत राहते, त्यातून जे कळलं ते इथे लिहिलंय. सगळं एकाच दिवशी करायची गरज नाही, दोन शनिवार-रविवार पुरतात.

घरात नेमकं काय बसवलंय ते आधी बघा

कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. भिंतीत किंवा जमिनीत जाळीची झाकणं आहेत आणि त्यातून गरम हवा येते, तर घरात डक्ट आहेत आणि त्यांच्या दुसऱ्या टोकाला फर्नेस नाहीतर हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारं मशीन) आहे. भिंतीलगत रेडिएटर आहेत आणि त्यांना पाइप जोडलेत, तर कुठेतरी बॉयलर आहे, त्यात पाणी तापतं आणि पंप ते घरभर फिरवतो. फरशीच उबदार होत असेल तर तिच्याखाली पाण्याचे पाइप नाहीतर इलेक्ट्रिक केबल आहे. बाहेर एसीच्या आउटडोअर युनिटसारखं मोठं पंख्याचं खोकं आहे आणि ते थंडीतही फिरतं, तर तो हीट पंप. आणि रेडिएटरसारखं काहीतरी भिंतीवर आहे पण पाइप कुठेच नाही, नुसती वायर आहे, तर तो इलेक्ट्रिक हीटर.

मशीन सापडलं की त्याच्यावरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर नीट वाचता येईल असा. मॅन्युअल नेटवर शोधायला आणि मेकॅनिकला फोनवर सांगायला हाच लागतो.

आता तीन गोष्टी शोधा आणि घरातल्या सगळ्या मोठ्यांना दाखवा: मशीनचा वीज बंद करायचा स्विच, गॅस किंवा तेल बंद करायचा व्हॉल्व्ह, आणि घराच्या पाण्याचा मेन कॉक. यातला पहिला जरा नीट लक्षात ठेवा, कारण बऱ्याच घरांत तो अगदी दिव्याच्या स्विचसारखा दिसतो, फर्नेसच्या बाजूला नाहीतर तळघराच्या जिन्यापाशी असतो, आणि उन्हाळ्यात कुणीतरी तो दिव्याचाच समजून बंद करतं. मग थंडीत हीटिंग चालूच होत नाही आणि लोक घाबरून जातात. फर्नेसचं दुसरं तसंच, समोरचं पत्र्याचं पॅनल नीट बसलं नसेल तर त्यामागचं छोटं बटण दाबलं जात नाही आणि मशीन अजिबात चालू होत नाही. फिल्टर बदलल्यावर मशीन गप्प झालं तर आधी पॅनल दाबून बघा.

एक ट्रायल घ्या, गरज नसताना

एखादी जरा गार सकाळ बघा. भर दुपारी नको, कारण नवीन हीट पंप आणि काही बॉयलर बाहेरचं तापमान मोजून चालतात आणि बाहेर ऊब असेल तर ते मुद्दामच चालू होत नाहीत, आणि आपल्याला वाटतं बिघडलंय.

थर्मोस्टॅटला बॅटरी असेल तर आधी नवीन घाला, गेल्या वर्षीची अजून चालतेय म्हणून ठेवू नका. मग मोड हीटवर करा, पंखा ऑटोवर ठेवा, आणि खोलीत आत्ता जे तापमान आहे त्याच्या ३ डिग्री वर आकडा न्या. आणि थांबा. बऱ्याच थर्मोस्टॅटमध्ये काही मिनिटांचा मुद्दाम ठेवलेला उशीर असतो, तेवढ्यात बटणं खालीवर करत बसू नका.

गॅसची फर्नेस असेल तर तिच्यासमोर उभं राहून ऐका, एकदा क्रम कळला की पुढे आयुष्यभर उपयोगी पडतो. आधी एक छोटा पंखा घुर्रर्र करून सुरू होतो, तो जळालेला वायू बाहेर ढकलणारा. मग टिकटिक होते किंवा इग्नायटर लालभडक होतो, मग भुस्स करून बर्नर पेटतात, आणि त्यानंतर अर्धं मिनिट ते दोन मिनिटांनी मोठा ब्लोअर सुरू होऊन डक्टमध्ये हवा जायला लागते. हा मधला वेळ असतोच, तोपर्यंत आतला धातू तापत असतो नाहीतर सुरुवातीला गार हवा अंगावर आली असती. बर्नर पेटताना दणका बसल्यासारखा आवाज आला, किंवा पेटून काही सेकंदांत विझतो आणि परत प्रयत्न करतो असं दोन-तीनदा झालं, तर तिथेच बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा. पेटून लगेच विझण्यामागे पुष्कळदा फ्लेम सेन्सर नावाची एक बारीक दांडी असते, तिच्यावर पुट चढलं की आच लागलीय हे मशीनला कळतच नाही आणि ते सुरक्षेसाठी गॅस तोडतं. मेकॅनिकसाठी ते किरकोळ काम आहे, पण गॅसच्या मशीनमध्ये आपण हात घालू नये या मताची मी आहे.

पहिल्यांदा चालू केल्यावर जळल्यासारखा वास येतो. घाबरू नका, सहा महिने साचलेली धूळ असते ती, खिडक्या उघडा, तासा-दोन तासांत वास जातो. वायर किंवा प्लास्टिक जळल्याचा वास असेल, किंवा दुसऱ्या दिवशीही वास तसाच असेल तर मात्र बंद. आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तो गॅस, त्यात मुद्दाम मिसळलेला असतो तो वास, गळती कळावी म्हणून. अशा वेळी कुठलाही स्विच चालू नाही, बंद नाही, मोबाइलही घरात वापरायचा नाही, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेरून गॅसच्या इमर्जन्सी नंबरला फोन करायचा. तो नंबर आजच सेव्ह करा.

अर्धा तास हीटिंग चालू ठेवा आणि प्रत्येक खोलीत जाऊन हात लावून बघा. सगळ्या जाळ्यांमधून हवा येते का, सगळे रेडिएटर वरपासून खालपर्यंत तापतात का. जी खोली मागे राहते ती लिहून ठेवा.

फर्नेस आणि डक्टवाल्यांसाठी

फिल्टर. परत तेच सांगते कारण बाकी काही नाही केलं तरी एवढं करा. मशीन बंद करून जुना फिल्टर ओढून काढा, त्याच्या पुठ्ठ्याच्या कडेवर साइज छापलेली असते, तीन आकडे, लांबी रुंदी जाडी. त्याच साइजचा आणा, थोडा लहान चालेल असं करू नका, कडेने धूळ आत जाते. कडेवर बाणही असतो, तो हवा ज्या दिशेला जाते तिकडे, म्हणजे फर्नेसच्या दिशेला असला पाहिजे. उजेडात धरून बघितल्यावर पलीकडचं काही दिसत नसेल तर फिल्टर संपला. एक इंच जाडीचा असेल तर थंडीत दर एक ते तीन महिन्यांनी बदलावा लागतो, घरात कुत्रा-मांजर असेल तर महिन्यालाच. चार-पाच इंच जाडीचे सहा महिने ते वर्षभर जातात.

दुकानात गेलं की मर्व्ह नावाचा आकडा दिसेल, जेवढा मोठा तेवढी बारीक धूळ अडवतो. इथे नवीन लोक हमखास चुकतात, सगळ्यात मोठा आकडा म्हणजे सगळ्यात चांगला असं समजून घेऊन येतात. पण जाळी जेवढी दाट तेवढी फर्नेसला हवा ओढायला जड, बंद नाक घेऊन जिना चढल्यासारखं. साध्या घराला ८ ते ११ पुरतो. ॲलर्जी, दमा असं काही असेल आणि १३ लावायचा असेल तर आधी मॅन्युअलमध्ये बघा किंवा मेकॅनिकला विचारा की आपला ब्लोअर तो ओढू शकतो का.

मग जाळ्या. हवा बाहेर टाकणाऱ्या जाळ्यांशिवाय एक-दोन मोठ्या जाळ्या हवा परत ओढणाऱ्या असतात आणि नवीन घरात फर्निचर लावताना नेमका सोफा किंवा कपाट त्यांच्यासमोर येतं. त्या मोकळ्या ठेवा. न वापरत्या खोल्यांच्या जाळ्या बंद करून पैसे वाचवू असं पुष्कळ जण करतात, एखादी बंद केली तर ठीक, पण चार-पाच केल्या की डक्टमधलं प्रेशर वाढतं आणि वाचण्याऐवजी मशीनवर ताण येतो. डक्ट जिथे उघडे दिसतात, तळघरात किंवा माळ्यावर, तिथे सांध्यांपाशी हात फिरवून बघा हवा निसटते का. निसटत असेल तर ॲल्युमिनियमची फॉइल टेप किंवा डक्टसाठीचा मॅस्टिक, म्हणजे सांधे बुजवायचा लेप, लावा. कापडी टेप लावू नका, गरम हवेने तिचा डिंक वाळतो आणि वर्षभरात ती सुटून लोंबायला लागते.

फर्नेसला ह्युमिडिफायर जोडलेला असेल तर त्याचं पॅड बदला, पाण्याचा छोटा कॉक उघडा आणि डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, विंटरवर फिरवा. थंडीत घरातली हवा फार कोरडी होते, ओठ फुटतात, दरवाजाच्या कडीला हात लावला की चटका बसल्यासारखा शॉक बसतो. ३० ते ५० टक्के ह्युमिडिटी ठीक, पण काचांवर पाणी साठायला लागलं की कमी करायची.

बाहेर जाऊन भिंतीतून येणारे पाइपही बघा. बऱ्याच नवीन फर्नेसचे दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप असतात, एक हवा आत घ्यायला, एक बाहेर टाकायला. उन्हाळ्यात त्यात पक्षी, गांधीलमाश्या घरटी करतात. आणि पुढे बर्फ पडला की प्रत्येक वेळी ते उकरून मोकळे करायचे.

बॉयलर आणि रेडिएटरवाल्यांसाठी

रेडिएटर खाली गरम आणि वर गार असेल तर वर हवा अडकलीय. ती काढणं हे असं काम आहे जे कुणालाही जमतं आणि केल्यावर फार समाधान वाटतं. मला पहिल्यांदा भीती वाटली होती की पाण्याचा फवारा उडेल, तसं काही होत नाही.

हीटिंग बंद करा आणि पाणी निवू द्या, घाई नको, गरम पाणी हातावर आलं तर भाजतं. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एका टोकाला छोटा चौकोनी खिळ्यासारखा भाग असतो, त्याला बसणारी छोटी चावी मिळते, काही नवीन रेडिएटरला साधा स्क्रू ड्रायव्हर चालतो. खाली वाटी धरा, हातात जुनं फडकं घ्या, आणि चावी डावीकडे हळूच पाव फेरा फिरवा, अर्ध्या फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. सुस्स करून हवा यायला लागते, कधी दहा सेकंद, कधी दोन मिनिटं, जरा कुबट वासाची. मग आवाज बदलतो, फुरफुर करत थेंब उडायला लागतात, आणि पाण्याची सलग बारीक धार आली की लगेच चावी उजवीकडे फिरवून बंद करायची. जोर लावून आवळू नका, पितळ मऊ असतं. सगळ्यात खालच्या मजल्यापासून सुरू करून वर जायचं.

आता जे लोक विसरतात ते. हवा काढली की सिस्टिममधलं प्रेशर कमी होतं. बॉयलरवरचा काटा बघा, गार असताना तो साधारण १ ते १.५ बारच्या मधे असायला हवा. काट्यावर पीएसआय असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. कमी असेल तर बॉयलरच्या खाली जाळीदार लवचीक पाइप आणि त्याच्या टोकांना व्हॉल्व्ह असतात, ते हळूच उघडून पाणी भरायचं, काट्यावर डोळा ठेवून, आणि दोन्ही व्हॉल्व्ह नीट बंद करायचे. प्रत्येक मॉडेलची पद्धत थोडी वेगळी असते म्हणून मॅन्युअल समोर ठेवा. गरम झाल्यावर काटा थोडा चढतो ते चालतं, पण ३ बारच्या जवळ जात असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडायला लागेल, मेकॅनिकला दाखवा. जुन्या घरांत वर माळ्यावर छोटी टाकी असते, तिथे पाणी आपोआप भरतं, त्यांना हे लागू नाही. आणि वाफेवर चालणारे जुने रेडिएटर असतील तर यातलं काहीच करू नका, ते तंत्र वेगळं आहे.

प्रेशर दर आठवड्याला उतरत असेल आणि तुम्ही दर आठवड्याला पाणी भरत असाल, तर ते अंगावर काढण्यासारखं दुखणं नाही. कुठेतरी गळतंय, नाहीतर एक्स्पान्शन व्हेसल, म्हणजे प्रेशर सांभाळणारी छोटी टाकी, गेलीय. शिवाय ताज्या पाण्याबरोबर दरवेळी नवा ऑक्सिजन आत जातो आणि आतून गंज धरतो. हाच गंज काळ्या गाळासारखा रेडिएटरच्या तळाशी बसतो. म्हणून वर गरम आणि खाली मधोमध गार असा रेडिएटर दिसला तर ती हवा नाही, गाळ आहे, चावी फिरवून काही होणार नाही, सिस्टिम फ्लश करून त्यात गंज रोखणारं केमिकल घालून घ्यावं लागतं. हवा काढताना आलेलं पाणी वाटीत बघा, शाईसारखं काळं असेल तर हीच गोष्ट.

एकच रेडिएटर पूर्ण गार आहे आणि बाकी ठीक? मग त्याच्या बाजूचा आकडे असलेला नॉब बघा. उन्हाळाभर बंद राहिला की त्याच्या आतली पिन रुतून बसते. नॉबचं डोकं फिरवून काढा, मधली पिन बोटाने किंवा लाकडाच्या तुकड्याने हळूच दाबा, सोडा, दाबा, सोडा, ती परत वर यायला लागते. पकडीने ओढू नका, बाहेर आली तर पाणी येईल. आणि पुढच्या उन्हाळ्यात हे नॉब पूर्ण उघडे ठेवा, म्हणजे पिन रुतत नाही.

कंडेन्सिंग बॉयलर असेल तर पाण्याचं तापमान किती ठेवलंय ते बघा. पुष्कळ घरांत ते ७५-८० वर लावून दिलेलं असतं. परत येणारं पाणी साधारण ५५ डिग्रीच्या खाली असेल तरच त्या बॉयलरचा खरा फायदा मिळतो, कारण तेव्हा धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि ती उष्णताही वापरली जाते. ६० च्या आसपास लावून बघा, घर नीट उबदार राहिलं तर तसंच ठेवा, गॅस कमी जळतो. मात्र बॉयलरबरोबर गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर टाकीतलं पाणी ६० च्या खाली जाऊ देऊ नका, कोमट टाकीत लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात.

हीट पंप असेल तर

आउटडोअर युनिटभोवतीचा पालापाचोळा, वेली, सायकली सगळं हटवा, चहूबाजूंनी निदान दोन फूट मोकळं हवं. मागच्या जाळीवरची धूळ पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, प्रेशर वॉशर नको, पत्र्याच्या पात्या वाकतात. आतल्या युनिटचे फिल्टर काढून धुवा आणि पूर्ण वाळल्यावर लावा. थंडीत युनिटला कव्हर घालायचं नाही, ते चालणार आहे, त्याला श्वास घ्यायला हवाय.

नवीन लोकांना धक्का बसतो तो थंडीत. युनिटवर बर्फाचा पांढरा थर येतो, मग पंखा थांबतो, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो आणि धूर निघतो असं वाटतं. ती वाफ असते. मशीन स्वतःवरचा बर्फ वितळवतंय, काही मिनिटांत परत चालू होतं. बर्फाचा जाड गोळाच झाला आणि तासन्तास तसाच राहिला तर मात्र बोलवा.

दुसरं म्हणजे हीट पंपची हवा फर्नेससारखी कडकडीत नसते, कोमट असते आणि बराच वेळ येत राहते. त्याची रीतच तशी आहे. रात्री पार बंद करून सकाळी एकदम वाढवायचं असं करू नका, कारण तेवढी उडी मारायची तर पुष्कळ मशीन आतल्या इलेक्ट्रिक कॉइलची मदत घेतात आणि बिल भरमसाट येतं. एका आकड्यावर शांत चालू द्या. थर्मोस्टॅटवर इमर्जन्सी हीट असा मोड दिसला तर तो मशीन बिघडल्यावरच वापरायचा.

इलेक्ट्रिक हीटर, लाकडाची शेगडी

भिंतीवरच्या हीटरची धूळ मेन स्विच बंद करून व्हॅक्यूमने काढा आणि पडदे त्यावर लोंबत नाहीत ना बघा. हलवता येणारा हीटर पडदे, अंथरूण, सोफा सगळ्यापासून एक मीटर लांब, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये, एक्स्टेन्शन बोर्डवर कधीच नाही, आणि झोपताना बंद. यात तडजोड नको.

लाकूड जाळत असाल तर चिमणी वर्षातून एकदा जाणकाराकडून साफ करून घ्या, आतल्या भिंतीला क्रियोसोट नावाचा डांबरासारखा थर बसतो आणि तोच पेटतो. ओली लाकडं जास्त थर बसवतात. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा, मोजायचं छोटं मीटर मिळतं, दोन लाकडं एकमेकांवर आपटून टणटण वाजली तरी अंदाज येतो.

कार्बन मोनॉक्साइड

हे कृपा करून टाळू नका. गॅस, तेल, लाकूड, कोळसा, काहीही जळत असेल तर नीट न जळल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं, म्हणून थोडासाही पुरतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, माणसाला वाटतं फ्लू झालाय आणि तो झोपायला जातो. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी असं होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग इमर्जन्सीला फोन.

अलार्म प्रत्येक मजल्यावर एक आणि झोपायच्या खोल्यांजवळ नक्की. नुसतं टेस्ट बटण दाबून भागत नाही, ते फक्त भोंगा वाजतो का सांगतं, आतला सेन्सर जुना झालाय का ते नाही. उलटा करून मागची तारीख बघा. मॉडेलप्रमाणे साधारण ५ ते १० वर्षांत तो बदलावा लागतो, धुराचे अलार्म १० वर्षांनी. घर घेतलं तेव्हा आमच्या भिंतीवर जो होता त्याची मुदत कधीच संपलेली होती आणि त्याचा हिरवा दिवा मात्र छान लागत होता.

गॅसच्या बर्नरची आच दिसत असेल तर ती निळी, स्थिर हवी. पिवळी, लवलवणारी, आजूबाजूला काजळी, म्हणजे बंद करा आणि माणूस बोलवा.

फटी आणि पाण्याचे पाइप

वारा असलेल्या दिवशी उदबत्ती पेटवून खिडक्या-दरवाजांच्या कडेने हळूहळू फिरवा, पडद्यांपासून जपून. धूर जिथे सरळ वर न जाता आडवा पळतो तिथे फट आहे. तिथे चिकटपट्टीचा फोम नाहीतर सीलंट, दरवाजाखाली ब्रश. फक्त बॉयलर-फर्नेसच्या खोलीत हवा यायला मुद्दाम ठेवलेली जाळी असेल तर ती बुजवू नका, तिथून जळायला हवा येते.

बाहेरच्या नळाचा होज पाइप काढा, आतला कॉक बंद करून नळ उघडा आणि पाणी गळून जाऊ द्या. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं आणि तांब्याचा पाइपही फोडतं. बाहेरच्या भिंतीलगत, तळघरात, माळ्यावर जे पाइप उघडे आहेत त्यांना फोमचं आवरण घाला. आणि थंडीत काही दिवस बाहेरगावी जाणार असाल तर हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ नका, निदान १३ डिग्रीवर ठेवा.

सर्व्हिसिंगला माणूस कधी बोलवायचा

गॅस, तेल, हीट पंप, तिन्हींना वर्षातून एकदा, आणि तोही हिवाळा तोंडावर यायच्या दीड-दोन महिने आधी, तेव्हा त्याला वेळ असतो आणि तो नीट काम करतो. गॅसच्या कामाचं लायसन्स आहे का ते विचारायला लाजू नका. आल्यावर सांगा की बर्नर साफ करायचाय, हीट एक्स्चेंजरला (आचेची उष्णता हवेला किंवा पाण्याला देणारा आतला भाग) चीर नाही ना बघायचंय, धुराच्या पाइपातलं रीडिंग घ्यायचंय, आणि ते रीडिंग कागदावर लिहून मागा. तेलाचं मशीन असेल तर फिल्टर आणि नॉझल बदलून घ्या, आणि टाकी कधीच पूर्ण रिकामी होऊ देऊ नका, तळाचा गाळ पाइपात ओढला जातो. मगाशी जी खोली मागे राहिली म्हणून लिहून ठेवली ती त्याला दाखवा.

तो गेल्यावर एक कागद मशीनशेजारी चिकटवा: फिल्टर बदलल्याची तारीख आणि साइज, गार असतानाचं प्रेशर, सर्व्हिसिंगची तारीख, मेकॅनिकचा आणि इमर्जन्सीचा नंबर. त्याच कागदाचा, स्विचचा आणि मेन कॉकचा असे तीन फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकून पिन करून ठेवा, कारण मशीन बंद पडेल तेव्हा घरात नेमकं कोण असेल ते सांगता येत नाही.